चिपमध्ये बसलेला मास्तर: जॉर्ज बूलची गोष्ट

तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये या क्षणी अब्जावधी बारीक स्विच चालू-बंद होत आहेत, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. मीही वाचलं होतं. पण हे स्विच ज्या गणितावर चालतात, ते लिहिणाऱ्या माणसाकडे कुठल्याही कॉलेजची पदवी नव्हती, तो साधा शाळामास्तर होता आणि घरात विजेचा दिवा लागण्याचा काळ येण्याआधीच तो गेला होता, हे मला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

त्याचं नाव जॉर्ज बूल. प्रोग्रामिंगला हात लावलेल्या प्रत्येकाने 'बूलियन' हा शब्द ऐकलेला असतो. ट्रू किंवा फॉल्स, बस्स. मला तर बरेच दिवस वाटायचं की बूलियन हा इंग्रजीतला कुठलातरी साधा शब्द असेल. तो एका माणसाच्या आडनावावरून आलाय, हे कळलं तेव्हा मी एका अडचणीत होतो.

माझी अडचण

माझे बाबा वायरमन. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात निम्म्या घरांचं वायरिंग त्यांनी केलंय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एफपीजीएवर घेतला होता. एफपीजीए म्हणजे आत कोरी असलेली चिप. नेहमीची चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचं काम ठरलेलं असतं. एफपीजीएचं काम आपण नंतर ठरवायचं, आणि पाहिजे तेव्हा बदलायचं.

कॉलेजने जे सॉफ्टवेअर सांगितलं होतं, ते माझ्या लॅपटॉपमध्ये उरलेल्या जागेपेक्षा मोठं होतं. रॅम ४ जीबी. दोनदा डाउनलोड करायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मोबाईलचा डेटा संपला. लॅबमधला एकच कॉम्प्युटर ते सॉफ्टवेअर चालवू शकायचा आणि त्याच्यासमोर रोज रांग. मी विषय बदलून घ्यायच्या विचारात होतो. मोठ्या शहरातलं कॉलेज आणि महागडी मशीन असल्याशिवाय या क्षेत्रात आपलं काम नाही, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती.

तेव्हा एका सीनियर दादाने मला दोन गोष्टी दिल्या. एक पेनड्राइव्हएवढा बोर्ड, ज्यावर लॅटिस कंपनीची आइस-फॉर्टी ही छोटी एफपीजीए चिप होती. आणि एका कागदावर चार नावं: योसिस, नेक्स्टपीएनआर, आइसपॅक, आइसप्रोग. चारही मोफत, चारही कमांड लाइनवर चालणारी. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. लिनक्सवर ही सगळी टूल्स मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून एका संध्याकाळी उतरवली.

पहिला प्रयोग म्हणून मी बाबांचा आवडता विषय घेतला: जिन्याचं वायरिंग. जिन्याच्या खाली एक स्विच, वर एक स्विच, मध्ये एक दिवा. कुठूनही दाबा, दिव्याची स्थिती बदलते. व्हेरिलॉग या भाषेत हे एका ओळीत लिहिता येतं. मी लिहिलं, योसिसला दिलं आणि त्याने बनवलेली फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. आत माझ्या जिन्याच्या दिव्याचं एवढंच उरलं होतं: ०००० ११११ ११११ ००००.

हे सोळा आकडे कुठून आले, याचा शोध घेत मी मागे मागे गेलो आणि बूलपाशी पोचलो. म्हणून आधी त्याची गोष्ट सांगतो. आकड्यांकडे आपण परत येऊ.

बुटांचं दुकान आणि दुर्बीण

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ ला इंग्लंडमधल्या लिंकन या गावात झाला. वडील जॉन बूल बूट बनवायचे. आई लग्नाआधी एका श्रीमंत घरात नोकरी करायची. जॉनचं मन मात्र बुटांपेक्षा दुर्बिणी आणि यंत्रं बनवण्यात जास्त रमायचं. धंदा त्यामुळे कधीच नीट चालला नाही, पण मुलाला गणिताची गोडी वडिलांकडूनच लागली.

शाळा जेमतेम झाली. लॅटिन भाषा गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकवली. ग्रीक तो स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं आणि वडिलांनी कौतुकाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यावर एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली की एवढ्या लहान पोराला हे जमणंच शक्य नाही. आज एखाद्या मुलाने छान कोड लिहिला की कुठून कॉपी केलंस असं विचारतात ना, तसलाच प्रकार!

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा पार बसला. घरात आईवडील आणि तीन धाकटी भावंडं. जॉर्ज डॉन्कास्टर गावातल्या एका शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून लागला आणि तेव्हापासून घराची जबाबदारी त्याच्यावर आली. एकोणिसाव्या वर्षी तो लिंकनला परतला आणि त्याने स्वतःची छोटी शाळा काढली. दिवसा शिकवायचं, रात्री शिकायचं.

रात्री शिकायला पुस्तकं कुठून आली, हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. लिंकनमध्ये १८३३ च्या सुमारास कामगारांसाठी एक संस्था सुरू झाली होती, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. तिथे वाचनालय होतं आणि त्याची देखभाल जॉर्जच्या वडिलांकडे होती. शिवाय जवळच राहणारे सर एडवर्ड ब्रोमहेड त्याला स्वतःच्या संग्रहातली गणिताची पुस्तकं वाचायला द्यायचे. लाक्रॉय, लाग्रांज, लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांचे जाडजूड ग्रंथ त्याने असे मागून आणलेल्या पुस्तकांतून वाचले.

पण स्वतः शिकण्याच्या गोष्टी आपण जरा जास्तच गोड करून सांगतो. बूलला पुढे असं वाटायचं की हाताशी नीट शिक्षक असता तर आपली काही वर्षं वाचली असती. अवघड पुस्तक एकट्याने फोडताना किती वेळ वाया जातो, ते त्याला चांगलं माहीत होतं. मला हे वाचून धीर आला. मी टर्मिनलवर एका एररमध्ये तीन दिवस अडकलो होतो आणि त्याबद्दल कमीपणा वाटून घेत होतो.

पदवी नसलेला प्राध्यापक

१८४१ पासून बूलचे लेख 'केंब्रिज मॅथेमॅटिकल जर्नल'मध्ये छापून येऊ लागले. त्याचा संपादक डंकन ग्रेगरी याने त्याला केंब्रिजला येऊन रीतसर शिकायचा सल्ला दिला. बूल जाऊ शकला नाही. शाळा बंद केली तर आईवडिलांनी खायचं काय? तो लिंकनमध्येच राहिला, शाळा चालवत राहिला, आणि १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला गणितातल्या कामासाठी सुवर्णपदक दिलं.

हे सगळं काम समीकरणांवरचं होतं. ज्याच्यामुळे आपण आज त्याचं नाव घेतो, ती कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासूनच होती. सतरा वर्षांचा असताना डॉन्कास्टरमध्ये एका शेतातून चालत जाताना त्याला अचानक वाटलं, की माणसाचा विचार ज्या नियमांनी चालतो ते नियम गणिताच्या भाषेत मांडता आले पाहिजेत. ही आठवण पुढे त्याच्या बायकोने लिहून ठेवली. पण ती कल्पना तशीच चौदा वर्षं पडून राहिली.

१८४७ मध्ये तर्कशास्त्रावरून दोन विद्वानांत जाहीर भांडण लागलं. एक होते एडिनबरोचे सर विल्यम हॅमिल्टन, दुसरे लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना डी मॉर्गनचे नियम पाठ असतात. या डी मॉर्गनचा जन्म आपल्याकडचा, १८०६ सालचा, मदुराईचा. भांडण वाचून बूलला जुनी कल्पना आठवली आणि त्याने त्याच वर्षी तर्काच्या गणितावर एक छोटं पुस्तक छापलं.

१८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नवीन क्वीन्स कॉलेज सुरू झालं. तिथे गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून बूलची नेमणूक झाली. अर्ज करताना त्याच्याकडे पदवी नव्हती. होते ते छापलेले लेख, एक पदक आणि डी मॉर्गनसारख्यांची शिफारसपत्रं. तो काळ आयर्लंडसाठी वाईट होता. बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला होता, लाखो माणसं मेली होती, लाखो देश सोडून गेली होती. मुलाला प्राध्यापक झालेलं बघायला जॉन बूल नव्हता. तो आदल्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला होता.

फक्त ० आणि १ का?

१८५४ मध्ये बूलचं मोठं पुस्तक आलं, 'लॉज ऑफ थॉट' या नावाने आज ओळखलं जाणारं. त्यातली मूळ कल्पना मी आंब्यांवरून समजून घेतली, तुम्हालाही तशीच सांगतो.

समजा 'क्ष' म्हणजे सगळे आंबे आणि 'य' म्हणजे सगळ्या पिकलेल्या गोष्टी. बूल म्हणतो, दोन्ही अक्षरं शेजारी ठेवली, म्हणजे गुणाकार केला, की त्याचा अर्थ दोन्हीत बसणाऱ्या वस्तू. क्ष गुणिले य म्हणजे पिकलेले आंबे.

आता क्ष गुणिले क्ष म्हणजे काय? आंब्यांपैकी जे आंबे आहेत ते. म्हणजे परत आंबेच! म्हणून या गणितात क्ष चा वर्ग म्हणजे क्ष. नेहमीच्या संख्यांमध्ये हे फक्त दोघांना जमतं. ० चा वर्ग ०, १ चा वर्ग १. बाकी कुठल्याही संख्येचा वर्ग तीच संख्या राहत नाही. बूलने ० ला 'काहीच नाही' आणि १ ला 'सगळं काही' असा अर्थ दिला. आंबे नसलेलं सगळं काही म्हणजे १ वजा क्ष. इथूनच आपल्याला आजचं एएनडी आणि नॉट मिळतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आज आपण जे ओआर शिकतो, ते हुबेहूब बूलचं नाही. बूल अधिकचं चिन्ह फक्त एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांसाठी वापरायचा. आजचा सोपा ओआर नंतरच्या लोकांनी, मुख्यतः विल्यम जेव्हन्सने, त्यात आणला. शास्त्रात कोणाचंच काम एका फटक्यात पूर्ण होत नाही.

जिन्याच्या दिव्याचं सूत्र

आता मुख्य मुद्दा. त्याच पुस्तकात बूलने एक युक्ती दिली. तर्काचं कितीही गुंतागुंतीचं वाक्य असू दे, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एकदा ० आणि एकदा १ ठेवून बघायचं. प्रत्येक जोडीला काय उत्तर येतं ते लिहून ठेवायचं. ही उत्तरं ज्या त्या परिस्थितीला जोडून बेरीज केली की अख्खं वाक्य परत उभं राहतं. म्हणजे उत्तरांचा तक्ता हातात असला की मूळ वाक्य हरवलं तरी चालतं.

जिन्याच्या दिव्यात दोन स्विच, म्हणून चार परिस्थिती. दोन्ही खाली, दिवा ०. फक्त पहिला वर, दिवा १. फक्त दुसरा वर, दिवा १. दोन्ही वर, दिवा ०. तक्ता झाला ० १ १ ०. बूलच्या पद्धतीने लिहायचं तर क्ष गुणिले (१ वजा य), अधिक (१ वजा क्ष) गुणिले य. दोनपैकी एकच, पण दोन्ही नाही, हे त्याने जवळपास असंच लिहिलं होतं. त्याच्या डोक्यात जिना नव्हता, दिवा नव्हता, वायर तर अजिबातच नव्हती. तो विचारांचे नियम शोधत होता.

माझ्या चिपमध्ये नेमकं हेच बसलेलं आहे. एफपीजीएच्या आत लुकअप टेबल नावाचे छोटे छोटे तक्ते असतात. दुकानदाराकडे रेडी रेकनर असतो ना, हिशोब करायचा नाही, तक्त्यात बघून उत्तर सांगायचं, तसे. आइस-फॉर्टीमध्ये एका तक्त्याला चार इनपुट, म्हणजे सोळा परिस्थिती, म्हणजे सोळा आकडे. माझे स्विच दोनच. उरलेली दोन इनपुट योसिसने ० ला बांधून टाकली आणि ० १ १ ० मधला प्रत्येक आकडा चारचार वेळा लिहिला. झाले ०००० ११११ ११११ ००००. त्या काळ्या स्क्रीनवर मी जे बघत होतो, ती बूलच्या पुस्तकातली उत्तरांची यादी होती.

चिप डिझाइनच्या बऱ्याच पुस्तकांत या युक्तीला शॅननचं नाव दिलेलं दिसतं. शॅननकडे येतोच आपण. पण ती बूलची आहे, आणि बरीच आधीची आहे.

कॉर्कचा पाऊस

१८५५ मध्ये बूलने मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. आडनाव ओळखीचं वाटतंय? तिचे काका जॉर्ज एव्हरेस्ट भारताचे सर्व्हेअर जनरल होते, त्यांच्याच नावाने ते शिखर. भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं ते विल्यम लॅम्बटननंतर, आणि लॅम्बटन वारला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, १८२३ मध्ये. मेरीला गणिताची आवड होती. लग्नाआधी बूल तिला शिकवायचा आणि नंतर ती त्याच्या कामात मदत करायची. त्यांना पाच मुली झाल्या.

२४ नोव्हेंबर १८६४ ला बूल नेहमीप्रमाणे घरून कॉलेजला चालत निघाला. अंतर साधारण पाच किलोमीटर. वाटेत धो धो पाऊस. वर्गात पोचला तेव्हा तो चिंब भिजलेला होता. तसाच ओल्या कपड्यांत उभा राहून त्याने तास घेतला. घरी आल्यावर ताप भरला, छातीत कफ झाला. मेरीचा अशा एका उपचारावर विश्वास होता की ज्या कारणाने आजार झाला त्यानेच तो बरा होतो, म्हणून तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगितलं जातं. ८ डिसेंबर १८६४ ला तो गेला. वय ४९. सगळ्यात धाकटी मुलगी सहा-सात महिन्यांची होती.

तर्काचे नियम लिहिणाऱ्याच्या घरात असा उपचार व्हावा, याचं बरेच लोक हसू करतात. मला ते पटत नाही. पाच लहान मुली असलेली बत्तीस वर्षांची बाई नवऱ्याला वाचवायला तिला जे खरं वाटत होतं ते करत होती. मेरीने नंतर लंडनला जाऊन एका कॉलेजच्या वाचनालयात नोकरी धरली आणि मुली वाढवल्या. त्यातली अ‍ॅलिशिया कुठल्याही विद्यापीठात न शिकता चार मितींच्या भूमितीत मोठं काम करून गेली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली. धाकटी एथेल कादंबरीकार झाली. थोरलीच्या वंशात पुढे जेफ्री हिंटन जन्मला. एआयमधल्या कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला तोच हिंटन. तो बूलचा खापरपणतू.

सत्तर वर्षं कोणाच्या कामाला आलं नाही

बूल गेला तेव्हा त्याच्या गणिताचा व्यवहारात काहीही उपयोग नव्हता. तर्कशास्त्राचे अभ्यासक ते वाचत, सुधारत राहिले, एवढंच.

मग १९३७ साल उजाडलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी एका अवाढव्य गणकयंत्रावर काम करत होता. त्या यंत्राला रिलेंचं नियंत्रण होतं. रिले म्हणजे विजेने उघडणारा-मिटणारा स्विच, बाबांच्या बोलण्यात रोज येणारी वस्तू. शॅननने मिशिगनला शिकताना बूलचं गणित वाचलं होतं. त्याच्या लक्षात आलं की रिले एकतर बंद असतो नाहीतर चालू, म्हणजे ० नाहीतर १. एकामागे एक जोडलेले स्विच म्हणजे एएनडी, शेजारीशेजारी जोडलेले म्हणजे ओआर. मग सर्किट कागदावर बीजगणितासारखं सोडवता येईल, आणि समीकरण लहान केलं की रिलेही कमी लागतील. हे त्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात मांडलं. डिजिटल सर्किट बनवण्याची सगळी पद्धत तिथून सुरू झाली.

पुढे रिले गेले, ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने एक्ससी-२०६४ ही पहिली बाजारात चाललेली एफपीजीए काढली. त्यात फक्त ६४ लॉजिक ब्लॉक होते. दादाने दिलेल्या माझ्या छोट्या चिपमध्ये १२८० तक्ते आहेत आणि आजच्या हिशोबात ती अगदी लहान समजली जाते.

मात्र एक अडचण बरीच वर्षं राहिली. या चिपमध्ये आकडे कोणत्या जागी भरायचे, हे कंपन्या सहसा उघड करत नाहीत. त्यामुळे ज्याची चिप त्याचंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. २०१५ मध्ये प्रोजेक्ट आइसस्टॉर्म पुढे आला. क्लेअर वुल्फ आणि साथीदारांनी आइस-फॉर्टी चिपच्या फाइलमधला कुठला बिट काय करतो, हे एकेक करून शोधून काढलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यामुळेच माझ्यासारखा ४ जीबी रॅमवाला आज चिप डिझाइन करू शकतो. लिंकनच्या कामगारांसाठी उघडलेलं ते वाचनालय आठवतंय ना? मला ही टूल्स त्याच जातीची वाटतात.

टर्मिनलवर काय घडतं?

थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हालाही करून बघता येईल.

आधी व्हेरिलॉगमध्ये सर्किट लिहायचं. आयकॅरस व्हेरिलॉग नावाच्या मोफत सिम्युलेटरमध्ये ते चालवून तक्ता बरोबर येतो का बघायचं. इथपर्यंत बोर्ड लागतच नाही.

मग योसिस. तो तुमचं लिखाण वाचतो, बूलच्या नियमांनी लहान करतो आणि चार-इनपुटच्या तक्त्यांत बसवतो. लहान करायचं काम तो बर्कलीच्या एबीसी या प्रोग्रामकडून करून घेतो. एबीसी सगळं सर्किट फक्त एएनडी आणि नॉटमध्ये बदलून घेतो, आणि तसं करता येतं ते डी मॉर्गनच्या नियमांमुळे.

तिसरा नेक्स्टपीएनआर. कुठला तक्ता चिपवर नेमका कुठे ठेवायचा आणि वायरी कुठून न्यायच्या, हे तो ठरवतो. म्हणजे बाबांचंच काम! त्याला एक छोटी फाइल द्यावी लागते, कुठला सिग्नल कुठल्या पिनवर ते सांगणारी. माझे तीन दिवस इथेच गेले. व्हेरिलॉगमध्ये सिग्नलचं नाव एक आणि पिनच्या फाइलमध्ये दुसरंच. चूक माझीच. एररमध्ये ते नाव स्वच्छ छापलेलं होतं, मीच ते नीट वाचत नव्हतो. कमांड लाइनवर ही सवय लागली: घाबरायच्या आधी ओळ पूर्ण वाचायची.

शेवटी आइसपॅक ती फाइल चिपला समजेल अशी बांधतो आणि आइसप्रोग यूएसबीतून बोर्डवर टाकतो. चारही कमांड मी एका मेकफाइलमध्ये लिहून ठेवल्या. आता 'मेक' टाइप करून एंटर मारलं की सगळं ओळीने होतं.

बाबांनी स्विच दाबला

दिवा लागला त्या रात्री मी बोर्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला. ब्रेडबोर्डवर दोन स्विच, बोर्डवर तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी. बाबांनी एक स्विच दाबला, मग दुसरा, मग परत पहिला. तक्ता त्यांच्या बोटांतच आहे, त्यांना समजावायची गरज नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, की दोन टू-वे स्विचमध्ये होणाऱ्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला.

मी लॅपटॉप जवळ ओढला, फाइलमधलं एकच चिन्ह बदललं आणि मेक चालवलं. काही सेकंदांत तोच एलईडी दोन्ही स्विच वर केल्याशिवाय लागेना. वायर एकही हलवली नव्हती. सोळा आकडे बदलले होते, बस्स. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर भिंती फोडून वायरी बदललेल्या माणसाला यातलं काय समजलं असेल, ते मी सांगायला नको.

मग त्यांनी विचारलं, हे डोकं कोणाचं. मी सांगितलं, बूट बनवणाऱ्याच्या पोराचं, घर चालवता चालवता रात्री अभ्यास करणाऱ्या मास्तरचं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, त्याला यातून पैसे किती मिळाले.

काहीच नाही, हे उत्तर देताना मला जरा जड गेलं. या कल्पनेचा उपयोग होण्याच्या सत्तर वर्षं आधीच तो गेला होता. पण त्याला पगाराची नोकरी मिळाली, आईला म्हातारपणी आधार मिळाला, आणि विद्यार्थी मिळाले. भर पावसातही त्यांचा तास त्याने चुकवला नाही.

माझा प्रोजेक्ट त्या चिपवरच पूर्ण झाला. विषय बदलला नाही. १८४७ मध्ये लिंकनमधल्या दुकानांतल्या कामगारांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी म्हणून चळवळ चालली होती, आणि बूलने त्या लोकांसमोर एक भाषण दिलं होतं. विषय होता, मोकळा वेळ कसा वापरायचा. दिवसभर शाळा चालवून ज्याने रात्री हे गणित उभं केलं, त्याला तो विषय बोलायचा हक्क होता. तुमच्याकडे जुना लॅपटॉप आणि मोबाईलचा हॉटस्पॉट असेल, तर एक मोकळी संध्याकाळ काढा. योसिस आणि आयकॅरस उतरवून घ्या, जिन्याचा दिवा एका ओळीत लिहा आणि बनलेल्या फाइलमध्ये ते सोळा आकडे शोधा. सापडतील.